राजाश्रय, लोकाश्रय आणि जाहिरातीचा आश्रय

रायगड जिल्ह्यात थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडके उपडे ठेवून भोवती गवत नि पालापाचोळा पेटवायचा. आमचा एक माजी विद्यार्थी या पोपटीचे व्हिडिओ करतो. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींची रंगाई कशी चालते, रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना कशी दिली जाते, हेही त्याने चित्रित केले आहे. मराठी विषय घेऊन पदवी घेतलेला हा मुलगा गेल्या वर्षी आम्हाला भेटायला आला, तो एक साधा प्रश्न घेऊन. यापुढे मराठीत बोलावे की हिंदीत? हिंदीत बोलले तर प्रेक्षक वाढतात आणि जाहिरातीचे पैसेही वाढतात, असे त्याने आजूबाजूला पाहिले होते. जाता जाता तो हसत म्हणाला, ‘‘सर, तुम्ही आम्हाला राजाश्रय आणि लोकाश्रय शिकवलात. माझा यांतला कुठला?’’

त्या वेळी आम्ही हसून विषय टाळला. नंतर मात्र आमच्या लक्षात आले, की हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचा आहे आणि त्याचे उत्तर आम्हाला द्यायला हवे होते. साहित्याच्या इतिहासात आपण प्रवाह शिकवतो, प्रवृत्ती शिकवतो, कालखंड पाडतो. परंतु लिहिणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटत होती, हे प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही. तो धागा येथे थोडा उलगडून पाहावा, असा आमचा प्रयत्न आहे.

आश्रय बदलतो तेव्हा कलेचे काय होते, याचे मराठीतील सर्वांत स्वच्छ उदाहरण नाटकाचे आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेने आणि आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ मध्ये ते मुंबईस पोचले. दरबारी खेळाचा तिकीट लावलेला खेळ झाला. पूर्वी एका धन्याची मर्जी राखायची होती, आता शंभर अनोळखी लोकांची. ही मुक्तीच होती असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो आणि बव्हंशी ते खरेही आहे. पण परावलंबन संपले नव्हते, ते केवळ अनेकांत वाटले गेले होते. एक रुसला तरी दुसरा तिकीट काढील, एवढाच लोकाश्रयाचा आधार असतो आणि तो आधार लहान नव्हे.

छापील शब्दाच्या बाबतीत या गोष्टीचा एक धागा आमच्या पेणशी जोडलेला आहे. गोविंद विठ्ठल कुंटे उपाख्य भाऊ महाजन हे मूळचे येथले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्यानंतर १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ सुरू केले. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून याच ‘प्रभाकर’मधून प्रसिद्ध झाली. मराठी मनाला हादरा देणारी ती पत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख त्या वेळी सरकारी नोकरीत होते. त्यांचे घर ‘प्रभाकर’च्या मानधनावर चालत नव्हते, ते सरकारच्या पगारावर चालत होते. म्हणजे लिहिणाऱ्याला पगार देणारा एक, छापणाऱ्याला वर्गणी देणारे दुसरे. या दोन आधारांच्या मधल्या फटीतून शतपत्रांचा स्पष्टवक्तेपणा जन्मला. विष्णुशास्त्री चिपळूणकरही ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा, १८७४ मध्ये, सरकारी शिक्षक होते. तो आधार त्यांनी पुढे सोडला. पण मालेची पहिली काही वर्षे त्यांच्या घराला तोच होता. आपण ज्याला एकोणिसाव्या शतकातील वैचारिक गद्य म्हणतो, त्यातील बराच भाग असा दुसरीकडच्या पगारावर उभा आहे.

वर्गणीच्या व्यवहाराचा एक गुण येथे नोंदवला पाहिजे. वर्गणीदार हा नाव-गाव असलेला माणूस असे. त्याची नोंद वहीत असे, त्याची वर्गणी थकली तर त्याला पत्र जाई, अंकातला मजकूर रुचला नाही तर त्याचे पत्र येई. कोण आपल्याला पोसत आहे हे संपादकाला ठाऊक होते आणि आपण कोणाला पोसत आहोत हे वाचकालाही ठाऊक होते.

जाहिरात या व्यवहारात हळूहळू शिरली, आणि ती शिरली म्हणून मराठीचे वाटोळे झाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. उलट दोन उदाहरणे सांगता येतील, जिथे जाहिरातीच्या हंगामाने किंवा गरजेने मराठी वाङ्मयाला घडवले. पहिले उदाहरण दिवाळी अंकाचे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक काढले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा आपण तेथून मोजतो. पुढे ही परंपरा फोफावली, तिच्या मागे वाचकाची हौस होती तसाच दिवाळीचा बाजारही होता. लोक कापड, तेल, साबण, भांडी याच दिवसांत घेतात. म्हणून दुकानदार आणि कारखानदार जाहिरातीला याच दिवसांत पैसे काढतात. म्हणून संपादकाला जाड अंक परवडतो. म्हणून कथाकाराला भाद्रपदात कथा पुरी करावी लागते. मराठी कथेच्या कित्येक पिढ्या या वेळापत्रकावर वाढल्या. आपल्या वाङ्मयीन ऋतुचक्राचा आस जाहिरातीच्या ऋतुचक्रात रुतलेला आहे, हे आपण अभ्यासक सहसा बोलून दाखवत नाही.

दुसरे उदाहरण याहून नवलाचे आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे ते गृहपत्र होते. माल आणि कारखाना लोकांपर्यंत पोचवावा, हा त्याचा हेतू. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्या जाहिरातपत्राचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले आणि मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या घरांतले कितीतरी वाद या तीन मासिकांनी पेटवले. येथे मासिकाने जाहिरातदाराचा आश्रय मागितला नव्हता. जाहिरातदारच मासिक झाला होता. पण तो जाहिरातदार दिसत होता. त्याचे नाव मुखपृष्ठावर छापलेले होते. त्याच्याशी भांडता येत होते, त्याला पत्र लिहिता येत होते, त्याचा नांगर न घेताही त्याचे मासिक घेता येत होते.

मात्र या आश्रयाच्या दाराबाहेर कोण उभे होते, हे विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिल्याची हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात नोंदलेली आहे. राजर्षी शाहूंनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, म्हणून ते पत्र उभे राहू शकले. म्हणजे विसाव्या शतकातही, लोकाश्रय आणि जाहिरात ही दोन्ही दारे बंद असलेल्यांना जुना राजाश्रयच उपयोगी पडला. मार्च १९२७ मध्ये महाडला, म्हणजे आमच्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्यानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या पत्राला जाहिरातदार मिळणे कठीण होते, कारण त्याच्या वाचकांच्या हाती खरेदी करण्याजोगा पैसा नव्हता. वर्गणीदार मिळणे कठीण होते, त्याचेही कारण तेच. अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. पत्राचे आपल्यावर ऋण आहे आणि ते ऋण व्यवहारातले, फेडण्याजोगे आहे, असे त्यांनी वाचकांना लेख लिहून सांगितले. १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ बंद पडले. ज्या पत्राची त्या घडीला सर्वांत जास्त गरज होती, त्याला बाजाराच्या हिशेबात जागा नव्हती. जाहिरातीच्या आश्रयाची खरी मर्यादा ही आहे. ती मजकूर बिघडवते की नाही, हा पुढचा प्रश्न. ज्यांच्या खिशात पैसा नाही त्यांचा आवाज ती मुळात मोजतच नाही.

या बाजाराकडे पाठ फिरवणारेही झाले. १९५४ मध्ये निघालेले ‘शब्द’ आणि साठच्या दशकातली अनियतकालिके चक्रमुद्रित पानांवर, पदरमोड करून निघाली. त्यांना कोणाचीच मर्जी राखायची नव्हती. त्यांचे आयुष्य अल्प ठरले, हेही तितकेच खरे. आणि केवळ वाङ्मयीन प्रतिष्ठेनेही मासिक तगत नाही, हे १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली तेव्हा सर्वांना कळले.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे येऊ. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते गूगलने घेतले आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देण्याची योजना आली. लांब व्हिडिओवर दाखवलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो. छोट्या ‘शॉर्ट्‌स’साठी २०२३ पासून वेगळा हिशेब आहे आणि तेथे वाटा ४५ टक्क्यांचा. एखाद्या प्रकाशकाने लेखकाला दिलेल्या स्वामित्वशुल्काशी तुलना केली तर हा वाटा उदारच म्हणावा लागेल, आणि तो तसा आहे हे मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतले मराठी लोक प्रथमच मोठ्या संख्येने प्रेक्षकही झाले नि निर्मातेही. ज्यांच्या बोलीला आकाशवाणीवर आणि पाठ्यपुस्तकांत जागा नव्हती, त्यांनी ती बोली कॅमेऱ्यासमोर बिनधास्त वापरली. नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनल याच लाटेतले. हे सारे वर्गणीच्या व्यवहारात घडले नसते. पाहणाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणूनच ते घडले.

पण या आश्रयाची रीत नीट पाहिली पाहिजे. व्हिडिओआधी कोणती जाहिरात लागेल, हे करणारा ठरवत नाही. तो फार तर काही प्रकार नाकारू शकतो. बहुतेक जाहिरातींचा भाव यंत्राच्या लिलावात, क्षणार्धात ठरतो. ऑक्टोबरपासून हा भाव चढतो, कारण सणासुदीचा बाजार. जानेवारीत तो उतरतो. म्हणजे ‘मनोरंजन’च्या काळचे दिवाळीचे वेळापत्रक अजून चालूच आहे, फक्त आता ते कोणी संपादक सांगत नाही. गंमत अशी, की पोपटीचा खरा हंगाम थंडीचा. शेंगा भरतात तेव्हा भाव पडलेला असतो!

२०१७ मध्ये काही मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंसोबत दिसल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने उघड केले आणि जाहिरातदार मागे हटले. त्यांना परत आणण्यासाठी नियम कडक झाले. जानेवारी २०१८ मध्ये उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, अशी अट आली. लंडनमधल्या एका वादळाचा पाऊस अशा तऱ्हेने रोह्यापर्यंत पडला. ज्यांचा त्या वादाशी कसलाही संबंध नव्हता, अशी जगभरची लहान चॅनले एका दिवसात वाट्याबाहेर गेली. पुढे २०२०-२१ मध्ये आणखी एक तरतूद आली: वाटेकरी नसलेल्या चॅनलवरही जाहिरात दाखवता येईल, आणि त्यातून त्या चॅनलला काही मिळणार नाही. ‘बहिष्कृत भारत’ला जाहिरात मिळत नव्हती. आजच्या लहान निर्मात्याच्या अंगणात जाहिरातीचा फलक लागू शकतो, भाडे मात्र त्याला मिळत नाही.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा एका रात्रीत अनेकांचे सारे प्रेक्षक गेले. बंदी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला दिसते ते एवढेच, की त्या निर्मात्यांपाशी वर्गणीदारांची वही नव्हती. प्रेक्षक त्यांचे होते. पण प्रेक्षकांची यादी त्यांची नव्हती. मासिक बंद पडले तर संपादक ती वही घेऊन दुसरे मासिक काढू शकत असे.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ज्यांनी २००० नंतरच्या दशकात मराठीत ब्लॉग लिहिले त्यांना आठवत असेल, की गूगलच्या ‘अ‍ॅडसेन्स’ या जाहिरात-व्यवस्थेला तेव्हा मराठी येत नव्हती. हिंदीचा समावेश २०१४ मध्ये झाला, मराठीचा २०१८ मध्ये. त्या काळच्या मराठी ब्लॉगलेखकांची निःस्पृहता आपण गौरवाने सांगतो. त्या निःस्पृहतेत थोडा वाटा या नाइलाजाचाही होता. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही जाहीर झाला. पण लिलावात लोकसंख्या मोजली जात नाही, प्राचीनताही नाही. पाहणाऱ्याची क्रयशक्ती मोजली जाते. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने पाहिलेल्या पोपटीचे मोल पेणच्या माणसाने पाहिलेल्या पोपटीहून साधारणपणे जास्त असते. नाटकाच्या तिकिटातही पहिल्या रांगेचा नि गॅलरीचा भाव वेगळा होता, हे खरे. परंतु गॅलरीतल्या प्रेक्षकाची शिट्टी नटाला ऐकू येत असे.

म्हणून आमच्या मते, जाहिरातीवर जगणे ही नवी गोष्टही नाही आणि लाजिरवाणीही नाही. नवे आहे ते आश्रयदाता अदृश्य असणे. चिंतामणराव पटवर्धनांची मर्जी जाणता येत होती. किर्लोस्करांशी वाद घालता येत होता. नकार दिला तो ‘केसरी’ने, असे बाबासाहेब नाव घेऊन सांगू शकले. ज्याचे नाव घेता येते त्याच्याविरुद्ध लिहिता येते. आजच्या निर्मात्याचे उत्पन्न घटले तर भाव पडला, की नियम बदलला, की लोकांनाच आपण आवडेनासे झालो, हे त्याला नक्की कळत नाही. मग तो स्वतःलाच तपासू लागतो: शीर्षक भडक करतो, चेहऱ्यावर आश्चर्य आणतो, शेवटी भाषा बदलावी का, असे विचारू लागतो. दरबारी कवी निदान कोणाची स्तुती करायची हे जाणत होता. येथे स्तुती कोणाची करायची हेच माहीत नसताना स्तुतीचा सूर धरावा लागतो.

इतिहासातून एक व्यावहारिक शहाणपण मात्र निघते. जी मराठी नियतकालिके टिकली, ती बहुधा एकाच खांबावर उभी नव्हती; वर्गणी, जाहिरात, ग्रंथप्रकाशन, कोणाचा तरी पगार, कोणाची तरी देणगी, असे दोन-तीन खांब त्यांना होते. आजचे जाणते निर्मातेही त्याच वाटेने जाताना दिसतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ने प्रायोजक आणि रंगमंचीय कार्यक्रम यांची जोड दिली; ‘मधुराज रेसिपी’ने पाककृतींबरोबर मसाले विकायला काढले; सिंधुदुर्गातल्या प्रसाद गावडे यांनी ‘कोकणी रानमाणूस’ला निसर्गपर्यटनाशी जोडले. व्हिडिओ पाहणाऱ्याला तिकीट काढणारा, गिऱ्हाईक किंवा पाहुणा करून घेणे, म्हणजे अदृश्य आश्रयातून पुन्हा दृश्य आश्रयाकडे येणे होय. विष्णुदास भाव्यांचा सांगली ते मुंबई हा प्रवास या मंडळींना पुन्हा करावा लागतो आहे.

पण ज्याला मसाला विकायचा नाही आणि पाहुणे ठेवायला घर नाही, त्याचे काय? गडकिल्ल्यांच्या शिलालेखांवर बोलणारा, कातकरी बोलीतली गाणी जमवणारा, खारेपाटातल्या भातशेतीचा बदल टिपणारा कोणी असेल, तर त्याच्या विषयाला लिलावात फारसा भाव नाही. तो ‘बहिष्कृत भारत’च्या जागी उभा आहे. त्याच्यासाठी बाबासाहेबांनी वाचकांना घातलेली ऋणाची आठवण सोडून दुसरे उत्तर आम्हाला दिसत नाही.

येथे आमच्याविषयीही सांगितले पाहिजे. आम्ही हे लिहितो ते विनामूल्य, आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटत आला आहे. हा अभिमान फारसा टिकाऊ नाही. आमचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो, म्हणून आम्हाला जाहिरात लागत नाही. लोकहितवादींची पात्रता आमच्यात नाही. त्यांची सोय मात्र आमच्यापाशी आहे. पगारी माणसाने जाहिरातीवर जगणाऱ्याला निष्ठेचे पाठ देऊ नयेत. ‘मराठीतच बोल’ असे त्या मुलाला सांगणे आम्हाला सोपे होते. त्याची किंमत त्याने मोजायची होती.

लोकसंस्कृतीच्या तासाला त्याचा पोपटीचा व्हिडिओ आम्ही दोन वर्षे वर्गात दाखवला. मुलांनी तो आवडीने पाहिला, त्यावर टिपणे लिहिली, आम्ही त्यांना गुण दिले. त्या व्हिडिओसाठी आम्ही त्याला एक रुपयाही दिला नव्हता, आणि द्यावा असे आमच्या मनातही आले नव्हते. माझा आश्रय कुठला, असे त्याने विचारले तेव्हा हे उत्तर आमच्या समोर होते.